खैरूफुफीने थुंकलेला चहा

फुफी गेली. आणि मी नालायक आहे, हे आधीच सांगून टाकते.

आज सकाळी, श्रीवर्धनच्या घरी, स्वतःच्या खाटेवर. शंभरीला तीन वर्षं कमी होती. सकाळपासून फोनवर सगळे एकच म्हणतायत, भरपूर जगली, सोनं झालं.

झालं असेल. मला मात्र एक चहा छळतोय.

खैरुन्निसा, आमची खैरूफुफी. खरं तर माझ्या वडिलांची फुफी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. पण आमच्या मोहल्ल्यात ती तीन पिढ्यांची फुफीच.

तिचा बाप आगबोटीवर कामाला होता. साहेबलोकांना डायनिंग हॉलमध्ये चहा-नाश्ता द्यायचा. ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरची, फुफी तेव्हा सात-आठ वर्षांची.

बाप वर्ष-दीड वर्षाने घरी यायचा. आला की ट्रंक उघडायला सगळा मोहल्ला ओट्यावर हजर. रीत अशी, की ट्रंकेतली पहिली वस्तू घरातल्या सर्वात मोठ्या माणसाच्या हातात द्यायची.

त्या खेपेला सर्वात मोठं माणूसच बदललं होतं. फुफीचे आजोबा वारले तेव्हा त्यांचा हा मुलगा भर समुद्रात. तो घरी पोचला तोवर चाळीसाव्या दिवसाची फातेहाही होऊन गेली होती.

तरी ट्रंक उघडली. पहिला निघाला चहाचा पत्र्याचा डबा. तो त्याने आपल्या आईच्या हातात दिला. फुफी तिला दादी म्हणायची.

साधा चहा नव्हता तो. काळ्या पत्तीला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीतल्या फळाचं तेल लावलेलं, वर सुकलेली फुलं. हे मी आज गुगल करून सांगतेय. फुफीला एवढंच ठाऊक होतं, "बाबा बोलला, साहेब हाच पितो."

चहा त्याने स्वतः केला. गरम पाणी ओतलं आणि झाकून ठेवला. दूध नाही, गूळ नाही, गवती चहा नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अरे, चहा करतोस का पत्ती भिजत घालतोस?"

मग त्याने झाकण काढलं.

दादीने कप नाकाजवळ नेला. आणि तसाच खाली ठेवला.

"हा मय्यतीचा वास हाय."

आमच्यात मय्यतीला आंघोळ घातल्यावर कापूर आणि अत्तर लावतात. अत्तर ईदलाही लावतात म्हणा. पण त्या वर्षी त्या घराला एकच अत्तर आठवत होतं. दादीचं तरी काय चुकलं?

एकेकीने कप खाली ठेवले.

बापाचा चेहरा उतरला. त्याने पोरीला जवळ ओढलं.

"खैरू, तू पी. तुला आवडंल."

फुफी प्याली.

"काय सांगू गो तुला, लय आवडला! घशाखाली गेला तरी नाकात फुलं होती."

तिने दुसरा घोट तोंडात घेतला आणि दादीकडे बघितलं. दादी रडत होती.

आणि माझ्या फुफीने तो घोट सगळ्यांसमोर ओट्याखाली थुंकला.

"थू! घाण हाय."

बापाने उरलेला चहा माडाच्या मुळाशी ओतला, डबा परत ट्रंकेत ठेवला. महिन्याभराने पुन्हा बोटीवर गेला.

तो निघताना फुफीला सांगायचं होतं, बाबा, मला आवडला होता. पण दारात सगळे उभे, दादी पण. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू.

पुढची खेप आलीच नाही. त्याला बोटीवर ताप आला, त्यातच गेला. गावचाच एक खलाशी सांगत आला, नमाज पढून समुद्रातच सोडला. कबरसुद्धा नाही.

फुफी हे सांगताना रडायची नाही. चिडायची, स्वतःवरच.

"बापाच्या तोंडावर थुंकले मी, गो!"

आता माझे प्रताप ऐका.

कोरोनाच्या दोन वर्षं आधी तिने मला विचारलं, "तो चहा मिळतो काय गो अजून?"

"मिळतो की! आणते ना!"

मी न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे. जगभरचा माल माझ्या टेबलावरच्या कागदांवरून जातो. आणि तो चहा? माझ्या बिल्डिंगखालच्या सुपरमार्केटमध्ये, बिस्किटांच्या शेजारी! मी त्याच्यासमोरून ट्रॉली ढकलत जायचे.

पुढच्या रविवारी नेऊ. ईदला नेऊ. जरा काम कमी झालं की नेऊ.

तिने अजून दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. ते जास्त लागतं आता.

कोरोनात फुफी वाचली, पण तिला वास येणं बंद झालं. घरच्यांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, येईल हळूहळू. आणि विसरले.

गेल्या महिन्यात एकदाचा नेला. तिच्या बापाने केला होता तसाच केला, झाकून, बिनदुधाचा. अख्खी खोली घमघमत होती.

फुफीने कप दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला. डोळे मिटून दुसरा घेतला.

"फुफी, तोच ना गं?"

"काय म्हायत, गो. गरम पाणी लागतंय."

मी तिथेच रडायला लागले, पन्नाशीची बाई. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हाच म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, व्हय ना? पण या चहावर एकदा खोटं बोलले हाय. परत न्हाय बोलणार."

आणि ते गरम पाणी तिने सगळं पिऊन टाकलं.

दफन आज असरच्या, दुपार उतरतानाच्या नमाजनंतर आहे. ज्यांना जमेल त्यांनी या.

फुफी, मी उशीर केला. त्याला काही सबब नाही, माफ कर.

अल्लाह तुझी मगफिरत करो.

जा. बाप भेटला की आधी त्याला सांग, आवडला होता म्हणून.