वाटाडे नाना

शारजात कुणाचे घर सापडत नसेल तर नानांना विचारावे, असा आमच्या मराठी मंडळींत प्रघात होता. नव्वदच्या दशकातल्या त्या शहरात घराचा क्रमांक कुणाच्याच तोंडी नसे. पत्ता म्हणजे खूण. नाना दूरध्वनीवर सांगत, "चौकातून उजवीकडे, मशिदीला वळसा, पुढे निळ्या पाटीचं किराणा दुकान. तिथे मान वर करा, गॅलरीत नऊवारी वाळत असेल." माणूस नेमका सत्यनारायणाच्या आरतीला पोहोचे. माझी सून हसून म्हणे, "नाना, कंपनी सोडा आणि टॅक्सी चालवा!" त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर, "वहिनी, खूण पक्की असली की माणूस हरवत नाही."

पाठशाळेतून निवृत्त होऊन मी मुलाकडे राहावयास आलो, तेव्हापासून नाना दर शुक्रवारी सकाळी माझ्या पूजेस येऊन बसत. शारजाजवळच्या उम्म अल कुवैनच्या एका कापडगिरणीत ते यंत्रे सांभाळीत. वृत्ती बोलकी, पण बायकामुलांचा विषय निघाला की ते उठून जात. कारण विचारण्याचे धैर्य मला बऱ्याच दिवसांनी झाले. तरुणपणी सूतकताईचे शिक्षण घ्यावयास ते ताश्कंदला गेले होते आणि तेथेच त्यांनी जमिरा नावाच्या मुलीशी लग्न केले. वडिलांच्या आजारपणासाठी मायदेशी आले, ते आलेच. परतण्याची परवानगी मिळाली नाही. मागे राहिलेली मुलगी लोला तेव्हा रांगत होती. पुढे पत्रे थांबली आणि मग तो सोव्हिएत देशच मोडला.

त्या काळी उझबेक स्त्रिया मोठमोठ्या पिशव्या घेऊन शारजाच्या बाजारात कापड खरेदीस येत. काम सुटले की नाना तेथे जात आणि प्रत्येकीला रशियनमध्ये विचारीत, "जमिराची लोला ठाऊक आहे का?" दुकानदार थट्टा करीत, "नानाजी, आज किससे रिश्ता पक्का हुआ? खलास, हबीबी, अब उमर हो गयी!" नाना खाली मान घालून पुढच्या दुकानी जात.

एके सायंकाळी ते धावत माझ्याकडे आले. "गुरुजी, सापडली! जमिरा गेली म्हणे... पण लोला समरकंदला आहे. मोठ्या पुतळ्यामागची इमारत, भिंतीवर कापसाच्या बोंडांचं चित्र. आज बाजारात भेटलेल्या बाईबरोबर निरोपही दिला, तुझा बाप पुतळ्यापाशी येईल म्हणून." मी विचारले, "घराचा क्रमांक? सासरचं आडनाव?" नाना हसले. "एवढी मोठी खूण असताना क्रमांक कशाला?" ती बाई त्याच रात्रीच्या विमानाने निघून गेली आणि पुन्हा बाजारात दिसली नाही.

रजा मिळावयास वर्ष गेले. "एकट्याला दार वाजवता येणार नाही," म्हणून त्यांनी मला सोबत नेले. ताश्कंदची झुंबरे लावलेली भूमिगत स्थानके मला सभामंडपासारखी वाटली. मी थबकलो की नाना माझी बाही ओढीत. समरकंदचे निळे घुमट दिसताच मी हात जोडले, कारण प्रार्थनेचे स्थान कोणाचेही असो, वंदनीयच. नानांनी वर पाहिलेदेखील नाही.

चौकात पुतळा नव्हता. उखडलेल्या चौथऱ्याभोवती फुले लावली होती. नानांनी एका वृद्धेला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कुठला पुतळा? पुष्कळ होते. देश मोडला तेव्हा सगळेच नेले." आणि कापसाची बोंडे? त्या भूमीचे वैभवच कापूस. सोव्हिएत गवंड्यांनी तेच चित्र कितीतरी इमारतींवर रंगीत तुकड्यांनी जडवले होते. आम्ही जिने चढलो, दारे वाजवली. लोला नावही तेथे घरोघरी. कुणी बुखाऱ्याच्या एका लोलाचे नाव सांगितले, म्हणून बसने तिकडे गेलो. ती भलतीच निघाली. तिने आदराने चहा ओतला. नानांनी तो न पिताच परतीच्या बसची वेळ विचारली.

निघण्याच्या दिवशी मी म्हणालो, "नाना, देवावर भार टाका."

"गुरुजी, उद्या तुमचा देव गाभाऱ्यातून हलवला, तर तुम्ही कुठे हात जोडाल?"

ते त्या रिकाम्या चौथऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. "तुम्ही जा. निरोप पोचला असेल तर ती इथेच येईल. पुतळा नाही, तर मी उभा राहतो."

"आणि तिचा पुतळा दुसराच असला तर?"

"मग उद्या तिकडे उभा राहीन," असे म्हणत ते वाकून माझ्या पाया पडले. गाडीच्या काचेतून पाहिले, तो ते हात मागे बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

कंपनीने त्यांचा व्हिसा रद्द केला. ते तिकडेच एका गिरणीत लागले, एवढे कानी आले. काही वर्षांनी शारजाच्या बाजारात समरकंदची एक स्त्री भेटली. चित्रपट पाहून शिकलेली हिंदी ती बरी बोले. मी नानांविषयी विचारताच तिचा चेहरा खुलला.

"हां, वह हिंदुस्तानी! रोज़ शाम को चौक में खड़ा रहता है. किसी से बोलता नहीं. अब तो सब लोग पता ऐसे ही बताते हैं, हिंदुस्तानी से बाएँ मुड़ो, हिंदुस्तानी के पीछे."

मी विचारले, "उसकी बेटी मिली?"

पिशवीत कापड भरणारे तिचे हात थांबले. "बेटी? उसकी बेटी भी है?"