अण्णांचा बारीक आवाज

काल देवासला भाचीच्या वाढदिवसासाठी फुगेवाला आला. हेलियमच्या सिलिंडरने फुगा भरून तो माझ्या भावाच्या हाती देत म्हणाला, "भिया, धागा कसके पकड़ना." आणि मला एकदम अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील, धारच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या भारदस्त आवाजाने आम्ही भावंडं चळचळा कापायचो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यातली गाठ वाढली आणि श्वासनळी दबली. इंदूरच्या इस्पितळात त्यांच्या प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. ऑपरेशनला अजून वेळ होता. त्यांचा घामेजलेला, गार हात धरून मी बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी मास्क लावला. "बाबूजी, ऑक्सिजन में हीलियम मिलाई है. हल्की है, तंग रास्ते से भी निकल जाएगी."

हळूहळू शिट्टी मंदावली. अण्णांनी डोळे उघडून विचारलं, "सुमे, जेवलीस का गं?"

आवाज अगदी बारीक, किनरा! मला हसू आवरेना. आता ओरडतील म्हणून मी ओढणीत तोंड लपवलं, तर अण्णाच खुदखुदत म्हणाले, "अशा आवाजात कुणाला रागवू मी?"

तेव्हा वाटलं, जीव वाचल्याचा तो आनंद होता. आज वाटतं, अण्णांशी बोलतानाची माझी भीती त्याच खोलीत संपली. ऑपरेशन नीट झालं. आता रोज संध्याकाळी फोनवर आम्ही दोघं तासभर गप्पा मारतो, आणि आधी फोन ठेवायला कुणीच तयार नसतं.