लूम थांबले तेव्हा
कोऱ्या सुती कापडाचा वास आला की मला सातव्या महिन्यातली ती दुपार आठवते. झोप उडाली होती, उगाचच रडू यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “हार्मोन्समुळे होतं असं.” मला मात्र वाटायचं, मला आई होणं जमणारच नाही. त्या दुपारी आमच्या भिवंडीच्या गल्लीतली वीज गेली, शेजारच्या कापड कारखान्यातले सगळे लूम एकदम थांबले आणि पोटातलं बाळ जोरात दचकलं. मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. पोटावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “खडखड थांबली म्हून दचकलं. त्याला ऐकू येत हाय. तू बोल त्याच्याशी.” मी नुसतं “मी आहे ना” म्हटलं. ते हळूहळू शांत झालं. अजून मी जिचं तोंडही पाहिलं नव्हतं, ती माझा आवाज ओळखत होती. मग कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली. आज लेक माझ्या खांद्याला लागते, पण आमची पहिली भेट मी त्या दुपारचीच धरते.