न आलेल्यांची राखीव जागा

आमच्या घरातल्या त्या कुलूपबंद खोलीची मला किळस येते. पुण्यात राहणाऱ्या थोरल्या भावासाठी ती राखून ठेवलीय. गेल्या तीन वर्षांत तो दोनदा आला, तोही सकाळी येऊन संध्याकाळी परत. आणि मी, सहा वर्षांपासून कळमनुरीच्या या घरात राहणारी बाई, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी टेबल टाकून कंपनीच्या मेनफ्रेमची, म्हणजे हैदराबादेतल्या मोठ्या संगणकाची, दुरून देखभाल करते. साहेबांनी शेवटचं बजावलं होतं, कॉलवर कुकरच्या शिट्ट्या चालणार नाहीत. घरात शांत जागा बघा, नाहीतर हैदराबादला ऑफिसात या. बाबांना एकटं टाकून मी जाणार नव्हते.

त्याच आठवड्यात साहेबांनी दुसरा घोर लावला. मेनफ्रेमवर नवं काम सुरू करायला मेमरी कमी पडत होती. विकत घेतलेली मेमरी गेली कुठे?

आमचं मशीन जुनं. चालू होताना ते आधी एक यादी वाचतं: डिस्क कोणत्या, टेप कोणते, विभाग किती. यादीतल्या प्रत्येकासाठी ते थोडी मेमरी बाजूला काढून ठेवतं आणि मग दुसरं कुठलंच काम तिला हात लावू शकत नाही. ती डिस्क खरोखर जोडलेली आहे की नाही, याच्याशी मशीनला देणंघेणं नसतं. उलट जे यादीत नाही, ते समोर जोडून ठेवलं तरी त्याला दिसत नाही.

यादी उघडली आणि तोंड कडू झालं. हजारो डिस्क लिहिलेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त कधी आल्याच नव्हत्या. कुण्या दीडशहाण्यानं हे केलं म्हणून शिव्या घालत शोधलं, तर लिहिणारी मीच. हिंगोलीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत मी वाढले. पुढे लागतील म्हणून मशीनमध्येही तेच करून बसले होते. स्वतःचीच शिसारी आली. साहेबांना खरं काय ते सांगितलं आणि न आलेल्या डिस्क खोडल्या. रविवारी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, मेमरी मोकळी झाली.

सोमवारी बाबांकडे खोलीची किल्ली मागितली.

"ती थोरल्याची खोली हाय," बाबा म्हणाले.

"तो येतो कुठं, बाबा?"

"आला तं? अन् तुझं काय माय, तू आज ना उद्या आपल्या घरी जाशील."

नवऱ्याचं घर सोडून मला सहा वर्षं झालीत. बाबांच्या गोळ्या, दळण, दवाखाना, सगळं मीच बघते. तरी यादीत मी नव्हतेच. डोकं फिरलं. खलबत्त्यातला बत्ता आणला आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कोयंडा निखळला.

आत पलंगावर नवी गादी, अजून प्लॅस्टिकमध्येच. प्लॅस्टिक कुरतडलेलं, गादीभर उंदरांच्या लेंड्या, उशीत मेलेली पिलं. बाबा काठी टेकत दाराशी आले आणि त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

"झाडून घे माय," ते म्हणाले. "थोरला आला तं काय म्हणंल?"

मी झाडून घेतलं. गादी उकिरड्यावर टाकली. मग माझं टेबल आत ओढलं आणि दाराला आतून कडी लावली.