हार घातलेला डबा

सक्करदऱ्यातल्या सिकलसेल उपचार केंद्राचा कारभार मनोहरराव गेली कित्येक वर्षं सांभाळत होते. वस्तू वापरून झाली की जागच्या जागी गेली पाहिजे, हा त्यांचा खाक्या. खंडेनवमीला केंद्रातली यंत्रं बंद करून, पुसून, हळदकुंकू वाहून पूजायची, हाही त्यांचाच नेम. या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच सर्व्हरही पूजेला घेतला.

दसऱ्याच्या सकाळी सर्व्हर सुरू झाला, पण रुग्णांच्या नोंदींचा कंटेनर उठेना. कंटेनर म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा जणू दुसरा, स्वतंत्र संगणक. मनोहररावांनी बंद-चालू करून पाहिलं. दरवेळी तो सुरू होता होता अडकून बसायचा.

बाहेर बाकावर अपेक्षा आईच्या खांद्याला टेकून बसली होती. कॉलेजात जाणारी पोर, ओठ पांढरे पडलेले. तिला आज रक्त चढवायचंच होतं. मात्र मागे एकदा चढवलेलं रक्त तिला मानवलं नव्हतं. तिला कसलं रक्त चालत नाही ते नोंदींत होतं, आणि ते पाहिल्याशिवाय डॉक्टर रीना रक्तपेढीकडे मागणी पाठवायला तयार नव्हत्या. नव्याने तपासणी करायची तर दिवस गेला असता. तिची आई सरिता तक्रार करत नव्हती. मनोहरराव समोरून गेले की ती नुसती उठून उभी राहायची. तेच त्यांना जास्त लागलं.

शेवटी त्यांनी संघपालला फोन लावला.

संघपाल जरीपटक्याचा. मनीषनगरच्या एका कंपनीत नोकरी करायचा आणि केंद्राचे संगणक फुकट पाहायचा. मोबदल्याचा विषय निघाला की हसून उडवून लावायचा. त्याची बहीण माया याच केंद्रात रक्त घेत मोठी झाली आणि आता शाळेत शिकवते. तिच्या उशाशी बसून कंटाळलेल्या भावाला ऑफिसातल्या संगणकावर बसू दिलं होतं ते मनोहररावांनीच. ते ही गोष्ट विसरले होते, संघपाल विसरला नव्हता.

पण आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. आई अंजनाबाईंसोबत तो दीक्षाभूमीजवळ बाहेरगावाहून आलेल्यांना जेवण वाढत होता. वर्षातला हा एक दिवस तो कोणालाच द्यायचा नाही. मनोहररावांनी चाचरत अडचण सांगितली.

"येतो काका," एवढंच तो म्हणाला. गर्दीतून गाडी निघणं शक्यच नव्हतं, म्हणून चालत आला.

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग तसाच. त्याने कंटेनर थांबवला आणि सुरू होताना आत काय काय घडतं ते ओळीओळीने पडद्यावर दिसेल, असा पुन्हा चालवला. ओळी भरभर धावल्या आणि एका जागी थबकल्या.

"काका, हे बिघडलं नाही. कोणाची तरी वाट पाहून राहिलं."

रुग्णांचे जुने कागद स्कॅन करून एका वेगळ्या डिस्कच्या डब्यात ठेवलेले असायचे. तो डबा जोडलेला दिसेपर्यंत कंटेनर पुढे सरकणार नव्हता. संघपालने विचारलं, डबा कुठे आहे?

मनोहरराव लगबगीने कपाटाकडे वळले. पूजा आटोपल्यावर चौरंगावर एक लहानसा काळा डबा उरला होता. जास्तीचं सामान समजून त्यांनी तो हारासकट कपाटात ठेवून दिला होता.

संघपालने झेंडूचा हार काढून त्यांच्या हातात दिला. "देव करून बसवलं त्याले. आता सांगा काका, तो कामाले कसा येईल?"

तार जोडताच थबकलेली ओळ हलली. अपेक्षाची नोंद उघडली, मागणी गेली. डॉक्टरांचं काम झाल्यावरही संघपाल उठला नाही. डबा नसला तरी कंटेनरने थोडं थांबून सुरू व्हावं, असा बदल त्याने केला आणि डबा मुद्दाम काढून खात्रीही करून घेतली.

परत जाताना मनोहररावही त्याच्यासोबत निघाले. अंजनाबाईंसमोर हात जोडून म्हणाले, ऐन दिवशी तुमचा मुलगा नेला, माफ करा.

"माफी काहून मागून राहिले, साहेब? माही माया तिथंच वाढली. हात धुवा अन् वाढायले लागा."

त्यांनी बाह्या दुमडल्या. दुपार कलल्यावर डॉक्टर रीनांचा फोन आला. अपेक्षाला रक्त सुरू झालं होतं, काही त्रास नव्हता, आणि सरिता अखेर बाकावर टेकून झोपली होती. मनोहररावांनी ते संघपालला सांगितलं, डोळे पुसले आणि पुढच्या पंगतीला भात वाढायला वाकले.