रेश्मा कशी पडली

हे मी आजवर कुणापुढंही बोलले नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही हे सोडून बाकीचं सगळं बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढं जमेल.

आमचं घर राहू गावात. रेश्मा माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तीच पोलीस भरतीची तयारी करत. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायची, आणि घरात शिरली की सासूबाई तिच्यापुढं दुधाचा पेला ठेवायच्या. माझ्यापुढं भाकरीचं पीठ. मला कुणी कधी विचारलं होतं का, तुला काय व्हायचंय म्हणून? — बघा, लगेच कारणं सांगायला लागले. ते राहू द्या.

एका रविवारी आम्ही सगळे पिकअपनं कुकडीच्या कुंडांवर गेलो. शिरूरच्या पुढं नदीनं काळा खडक कोरून खोल घळ केली आहे, आणि त्या खडकात रांजणासारखे खळगे पडले आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथं जत्रा भरल्यासारखी माणसं असतात. भाकरी, ठेचा, भेळ — जेवणं झाली, पुरुष सावलीला लवंडले. सासूबाई माझ्या लेकीला घेऊन देवीच्या देवळात गेल्या, ती तेव्हा चौथीत होती. आम्ही दोघी खडकांवर फिरायला निघालो.

रेश्मा खुशीत होती. तिची मैदानी चाचणी जवळ आली होती. चालता चालता दोन खळग्यांमध्ये एक फट लागली. मी आधी पलीकडं गेले. फार रुंद नव्हती, पण खाली खोल होती. रेश्मा थबकली. घाबरली ती — आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

"आक्का, हात द्या," म्हणाली. मी दिला. म्हणजे, पुढं केला. तिनं उडी मारली आणि — मी हात मागं घेतला.

गंमत केली, असं मी वर्षानुवर्षं मनाशी म्हणत आले. लहान पोरं करतात तशी. पण गंमत करताना माणूस हसतो ना? मी हसत नव्हते. ती मरावी असं मनात नव्हतं. तिनं एकदा माझ्यासमोर पडावं, एवढंच हवं होतं. ती पडली. फटीतल्या खडकावर आपटली आणि घोट्याचं हाड मोडलं.

पुरुषांनी तिला वर काढलं. सासूबाई धावत आल्या, कशी पडली म्हणून विचारू लागल्या. रेश्मानं तोंड उघडायच्या आत मी बोलले, "सेल्फी काढत व्हती. कवाची सांगतीय, न्हाई ऐकलं." तिचा फोन खडकावर पडलेला सगळ्यांना दिसत होता. नव्या सुनेबद्दल आणखी काय पटवून द्यावं लागतं? रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. मग मान फिरवली.

घोटा जुळला, पण पळण्याजोगा राहिला नाही. भरती गेली. सासऱ्यांनी फोन काढून घेतला. फोनच्या नादात पोलीस व्हायची राहिली, असं आमच्याकडं पाहुण्यारावळ्यांना अजून सांगतात. मी चहा देत असते. रेश्मा तिथंच बसलेली असते. तिनं खरं का सांगितलं नाही? मी कधी विचारलं नाही.

आता माझी लेक भरतीची तयारी करतेय. तिला पळायला रेश्माच शिकवते. पहाटे दोघी कालव्यावर जातात, रेश्मा लंगडत लंगडत. परवा मी पाणी घेऊन गेले, तर माझी पोर मैत्रिणीला हसत सांगत होती, "काकी आपल्यापेक्षा भारी पळायची. सेल्फी काढाया गेली आन् आपटली."

"खरं का वो काकी?" मैत्रिणीनं विचारलं.

रेश्मा खाली बसून माझ्या लेकीच्या बुटाची नाडी आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय. माझीच चूक."

मी तिथंच उभी होते. तेव्हा बोलू शकत होते. मी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि घरी निघून आले.