किसनतात्यांचे सगळे देश

किसनतात्या कुठल्याही गप्पांत शिरायचे ते परदेशातून. आमच्या चुडाव्यात कुणी म्हशीचं दूध आटल्याचं सांगितलं की तात्या तंबाखूची चिमूट गालात सरकवून म्हणायचे, "रशियात म्हशीला सोटर घालतेत. मी सोता बघितलंय. दूध काढायचं तर आदी खालची दोन बटनं उघडावी लागतेत." तात्या आता नाहीत. असते तर मी लिहिलेलं हे ऐकून म्हणाले असते, मास्तर, लय बेचव लिवलं.

तरुणपणी ते एकदा चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीत बसले आणि दोन पावसाळे गावात उगवलेच नाहीत. कुठे होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते सगळीकडे होते. जपानात दोन माणसं रस्त्यात समोरासमोर आली की एकमेकांना वाकून वाकून दुपार करतात, हे आमच्या अख्ख्या गावाला तात्यांमुळे कळलं. फ्रान्सात म्हणे नवरा सकाळी उठून बायकोला चहा करून देतो. गावातल्या बायकांनी रशियाच्या म्हशीवर बिनबोभाट विश्वास ठेवला, फ्रान्सच्या चहावर मात्र एकीनेही ठेवला नाही.

त्यांच्या बायकोला, चंद्रभागाकाकूंना, मी या गोष्टी सुरू असताना कधी हसताना पाहिलं नाही की मान हलवताना पाहिलं नाही. त्या ओसरीच्या कडेला बसून शेंगा फोडत राहायच्या.

त्यांची एकुलती एक लेक सुनीता नर्स होऊन इंग्लंडला गेली, तिथेच संसाराला लागली आणि तिला मुलगी झाली. "आईबाबा, तुम्ही दोघं या," असं ती फोनवर रडून सांगायची. तात्यांनी दोघांचे पासपोर्ट काढले. हा तुमचा पहिलाच पासपोर्ट कसा, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं, "पयला पुरात गेला." मग व्हिसाचा अर्ज भरायला त्यांनी मला बोलावलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून गावाचे असले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडतात.

आदल्या दिवशी मी काकूंना त्या एकट्याच असताना गाठून विचारलं, "काकू, तात्या नक्की कुठंकुठं गेले होते?"

"हैदराबादेत हुते," काकू शांतपणे म्हणाल्या. "मावसभावाच्या सोडावाटरच्या दुकानात. बाटल्या धुयाचे."

"आन तुमी आजपर्यंत बोलल्या न्हाईत?"

"कशाला? आयकणारे खूश हायत, हे बी खूश हायत. मह्या बापाचं काय जायलंय?"

मला वाटलं होतं, दार लावून दोघं बसू आणि गुपचूप अर्ज भरून टाकू. पण तात्यांना ते कुठलं पटायला. "चारचौघांत होऊ द्या काम," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेलो तर ओसरी लग्नघरासारखी भरलेली. नाव, गाव, शेती, लेकीचा पत्ता इथवर गाडी सुरळीत चालली. मग तो प्रश्न आला. मी तो मराठीत मोठ्याने वाचला आणि वाचता वाचताच जीभ चावली: "गेल्या दहा वर्षांत तुम्ही कोणकोणत्या देशांत जाऊन आलात?"

ओसरीला उधाणच आलं. "रशिया लिवा मास्तर," एक म्हणाला. "जपान राहिलं," दुसरा म्हणाला. फ्रान्स आधी की अरबस्तान आधी यावरून तर दोघांची जुंपली. गावाला आपल्या माणसाचा असा अभिमान वाटत होता आणि माझी बोटं कीबोर्डवर आखडली होती. मला हसू आवरत नव्हतं आणि घामही फुटला होता.

मी तात्यांच्या कानाशी वाकलो. "तात्या, हितं खोटं लिवलेलं चालत न्हाई. सापडलं तर व्हिसा न्हाई, फुडं कैक वर्षं दार बंद. नातीचं तोंड फोनातच बघावं लागंल."

तात्यांनी तांब्या उचलला आणि ते घोटभर पाणी प्याले. सगळी ओसरी त्यांच्याकडे बघत होती. आयुष्यभर जमवलेलं सगळं एका ओळीत सांडणार होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिवा मास्तर," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मी काय कुठंच…"

"गेल्या दहा सालाचंच इचारायलेत न्हवं?" काकूंचा आवाज खणखणीत आला. शेंगा फोडणारे हात थांबले नव्हते. "मंग ह्यांचं समदं त्याच्या आदीचं हाय. जवानीतलं. लिवा 'न्हाई' मनून, आन व्हा फुडं."

ओसरीने "बराबर हाय, बराबर हाय" करत माना डोलावल्या. सरकारलाच जुनं ऐकायचं नसेल तर तात्या तरी काय करणार, असंही एक जण हळहळून म्हणाला. मी 'नाही'वर टिचकी मारली. तात्या काकूंकडे असे बघत होते की मला नजर फिरवून घ्यावी लागली. पंचाहत्तरीच्या माणसाला नव्याने प्रेमात पडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आन काकू, तुमी कुठं गेल्ता?" मी घाईने विचारलं.

"पोखर्णीला, नरसिंहाच्या दर्शनाला. आन एकदा येलदरीचं धरण बघाया."

"ते देश न्हाईत काकू."

"मंग राहू द्या कोरं."

व्हिसा मिळाला. दोघं गेले, सहा महिने राहिले, परत आले. त्या संध्याकाळी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तात्या खुर्चीत बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "थंडी हाय. पाऊस बारीक पडतो. लोक चांगले हायत." एवढंच. अर्जाच्या दिवशी त्यांच्यातलं काहीतरी घाबरून गेलं होतं ते परत आलंच नव्हतं. लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "तात्या, ह्ये तर मास्तर बी सांगतेत." मला राग यायला हवा होता, पण वाईट वाटलं ते तात्यांचं.

तेवढ्यात काकू पदर सावरत पुढे आल्या. "ह्यांला काय दिसणार? हे दिवसभर नातीला मांडीवर घेऊन घरात बसायचे. मी सांगते. तिथल्या मेंढ्या रस्ता वलांडताना रांग लावतेत. मधीच एखादी घुसली तर बाकीच्या तिला मागं धाडतेत, आन ती जाताना परतेकीला 'सारी' मनत जाती."

ओसरीने कान टवकारले. सगळ्यांनी तात्यांकडे वळून पाहिलं.

"खरं का वो तात्या?"

तात्यांनी काकूंकडे पाहिलं. हळूच चिमूट काढली, गालात सरकवली, आणि त्यांचे डोळे लकाकले.

"मला बी मनली की," ते म्हणाले. "दोनदा."